रानहळदीचे सुटे दोरे

३ जून

आजी,

सोबत कुंडी पाठवते आहे, ती उभी ठेव. आडवी नाही, उभी. कुंडीत माती आहे, मातीत कंद आहे, आणि त्या कंदात माझी तीन वर्षं आहेत.

घाबरू नकोस, सांगते. इथे संशोधन केंद्रात माझ्या काचघरात अकरा जातींच्या रानहळदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीच्या या चुलत-मावस बहिणी. खायला अगदी कुचकामी, पण दिसायला एकीपेक्षा एक. एक तर पानं यायच्या आधीच मातीतून थेट फुलोरा वर काढते, जशी काही कपडे घालायलाही थांबली नाही. सगळ्यात देखणी सात नंबर. लोक शोभेची झाडं खिडकीत ठेवतात ना, तशी ती घरोघरी बसलेली मला बघायची आहे.

पण आमचे साहेब म्हणतात, "तीन आठवड्यांत हिचा फुलोरा आतून काळा पडतो. अशी वस्तू कोण घरात ठेवील?" वीस ऑगस्टला समिती काचघर बघायला येणार. तोपर्यंत सात नंबर साध्या घरात महिनाभर टिकते असं दाखवता आलं, तर काचघर माझ्याकडे राहील. नाही तर ते टोमॅटोवाल्याला जाईल, म्हणजे इथेच टोमॅटोवर प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याला. टोमॅटोवाला माणूस वाईट नाही, पण हल्ली तो येतो आणि बोलता बोलता भिंती पावलांनी मोजून जातो.

म्हणून मी सहा कुंड्या सहा घरांत पाठवल्या आहेत. जिथे झाडांतलं कोणाला ओ की ठो कळत नाही अशी घरं हवी होती. तुझं नाव सगळ्यात आधी सुचलं. तुझ्याकडे निवडुंग बुडून मेला होता.

एक दिवसाआड पाणी घाल. खिडकीत ठेव. फुलोरा उमलला की त्या दिवसापासून मोजायला लाग आणि काळा पडला की थांब. बाकी त्याला हात लावायचा नाही. अजिबात नाही.

इथे दरीत फोन लागत नाही हे तुला माहीत आहे. टपालाची गाडी आठवड्यातून दोनदा येते, तेव्हा पत्रच पाठव.

तुझी,
भिंगरी

१० जून

भिंगरे,

कुंडी उभी पोचली. मीही उभीच आहे, कारण खुर्चीवर वन्सं बसल्यात आणि लिहिणाऱ्याला खुर्ची द्यावी लागते.

तुझं पत्र वन्संनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा निवडुंगाचं वाक्य जरा ठासूनच वाचलं. निवडुंगाला मी माया केली, एवढाच माझा गुन्हा. तहानलेला दिसत होता.

तुझ्या आत्याआजीनं शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे माझ्या तोंडून जे निघतं ते कागदावर उतरेपर्यंत त्याची आंघोळ होते, भांग पाडला जातो आणि मगच ते तुझ्यासमोर उभं राहतं. मी म्हणाले, "तुझा तो साहेब म्हणजे—"

(इथला शब्द मी गाळला आहे. तो लिहिण्यासारखा नव्हता. — आत्याआजी)

बघ. मी बोलायची थांबले तरी पेन चालूच आहे, म्हणजे वन्सं स्वतःचं काहीतरी घुसडताहेत. मला अक्षर वाचता येत नाही, पण पेनचा आवाज ऐकू येतो.

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. सध्या नुसतं एक हिरवं टोक आहे, लेकरानं पांघरुणातून नाक काढावं तसं. वन्सं म्हणतात, हे काही यायचं नाही. म्हटलं, तुमच्या वर्गातल्या मुलांबद्दलही तुम्ही असंच म्हणायचात आणि त्यातली निम्मी तुमच्याहून मोठ्या हुद्द्यावर गेली.

(निम्मी नाही. तीन. — आत्याआजी)

टोमॅटोवाल्याला सांग, पावलांनी मोजणाऱ्याचं माप कधी बरोबर येत नाही. टेप वापर म्हणावं.

तुझी आजी, तिसरा मजला, अजून शाबूत

२ जुलै

अगं भिंगरे!

उमललं! परवा, तीस तारखेला सकाळी. मी चहा ठेवायला गेले, वळून बघते तर ती बया खिडकीत टेचात उभी. पातेल्यातला चहा उतू गेला, गॅस विझला, तरी मी आपली बघतेच आहे.

कशी आहे सांगू? कोट बघितलास कधी ज्याला वरपासून खालपर्यंत खिसेच खिसे आहेत? तशी. खाली हिरवे खिसे, एकावर एक, नीट रांगेत, एकही वाकडा नाही. आणि वर गुलाबी तुरा. असा गुलाबी की आमच्या कारखान्यात त्या रंगाचं अस्तर आलं असतं तर मालकानं कुलपात ठेवलं असतं. तुला ठाऊक आहे, मी शिवणाच्या कारखान्यात चाळीस वर्षं शेवटच्या टेबलावर काढली. कोट तयार होऊन माझ्यासमोर यायचा, काज बघायचं, बटण ओढून बघायचं, आणि सुटे दोरे चिमट्यानं काढायचे. एक दोरा राहिला तर कोट परत. तेव्हा माल चांगला की वाईट हे मला कळतं. हा चांगला माल आहे.

मोजायचं म्हणालीस ना? एका जाड दोऱ्यात रोज सकाळी एक बटण ओवते. आज तिसरं ओवलं. माझी वही तीच.

हात लावलेला नाही. मुळीच नाही. त्या खिशांच्या आत काय असतं हेसुद्धा मला माहीत नाही, मी आत डोकावलेच नाही.

(इथे मी खोकले. — आत्याआजी)

वन्संना सर्दी झाली आहे.

तुझी आजी

९ जुलै

आजी,

तुझं पत्र गाडीवाल्यासमोरच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. तो म्हणाला, "तुमच्या आजीबाईंचं पत्र असेल तेव्हा मी पाच मिनिटं जास्त थांबत जाईन."

बाकीच्या पाचही घरांत उमललंय. सगळे खूश आहेत. पण माझा जीव टांगणीला लागला आहे, कारण पहिले दोन आठवडे ती सगळीकडे अशीच मिरवते. मग एक दिवस खालच्या खिशात तपकिरी ठिपका येतो, मग वास, मग वरचा तुराही मान टाकतो. मी खत बदललं, माती बदलली, सावली कमी-जास्त केली. तीन वर्षं झाली, कारण सापडत नाही. टोमॅटोवाला काल मला म्हणाला, "ताई, तुमच्या या बाया दिसायला छानच आहेत हो," आणि लगेच खिशातून टेप काढली. टेप तू सुचवलीस ना? चांगलं केलंस!

तपकिरी ठिपका दिसला की त्याच दिवशी कळव. वाईट बातमी असली तरी कळव. मला खरी बातमी हवी.

भिंगरी

२४ जुलै

भिंगरे,

पंचवीस बटणं. ठिपका नाही.

वन्संनी भिंग लावून तपासलं. चष्म्यावर भिंग, भिंगावर कपाळ. म्हणाल्या, "वहिनी, काहीच नाही गं." असा चेहरा केला, जणू उत्तरपत्रिकेत एकही चूक सापडली नाही.

आता आमच्याकडे दर्शनाला रांग लागते. लिफ्टवाला जेवणाच्या सुट्टीत येतो, पाचव्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या पाहुण्यांना घेऊन येतात. एक पाहुणा म्हणाला, "हे प्लास्टिकचं आहे का?" मी त्याला चहा दिला नाही. खालचा इस्त्रीवाला वर आला, हात मागे बांधून पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "एक सुरकुती नाही हो." इतकं कौतुक माझ्या लग्नात माझंही झालं नव्हतं.

(खरं आहे. मी हजर होते. — आत्याआजी)

तू म्हणालीस की ती तीन आठवड्यांत मान टाकते. ही तर मान वर करून माझ्याकडेच बघते आहे. मी काय करते? काही नाही. पाणी घालते आणि बघते. नुसती बघते. एवढंच.

(मी काही लिहीत नाही. — आत्याआजी)

आता पेन का चाललं? वन्सं, काय लिहिलंत? म्हणे, पूर्णविराम दिला. एवढा लांब पूर्णविराम असतो का?

तुझी आजी

३१ जुलै

आजी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

बाकीच्या पाच घरांतली सात नंबर गेली. अठरा, एकोणीस, वीस, वीस आणि एकवीस दिवस. इथे काचघरातल्याही तशाच गेल्या. एकच झाड पंचविसाव्या दिवशीही ताठ उभं होतं, आणि ते माझ्या आजीच्या खिडकीत आहे, जिला मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं की यावर माझं काचघर अवलंबून आहे.

रागावू नकोस. पण मी लहान असताना शर्यतीत शेवटून दुसरी आले होते, तेव्हा तू सगळ्या जिन्यात सांगत फिरलीस की दुसरी आले. आत्ताही तसंच चाललंय का? एखाद्या दिवशी दोन बटणं ओवतेस का? की काळी पडली आणि तू मला सांगत नाहीस? मला वाईट वाटू नये म्हणून सांभाळते आहेस का?

समितीसमोर मी खोटा आकडा ठेवू शकत नाही. त्यामुळे तुझी कुंडी अहवालातून काढून टाकते आहे. वीस तारखेला पाच घरांचेच आकडे सांगेन आणि काचघराची किल्ली टोमॅटोवाल्याच्या हातात देईन. चालेल. तू त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

भिंगरी

५ ऑगस्ट

वन्सं, लिहा. जसंच्या तसं लिहा, आज भांग पाडू नका.

मी रागावले आहे.

भिंगरे, मला अक्षर येत नाही. सातव्या वर्षी टेबलापाशी बसवलं, तिथे पाटी नव्हती, पेटी होती, बटणांची. अक्षर येत नाही ते मी कधी लपवलं नाही. पण मोजणी? चाळीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कोट एका बटणानं कमी गेला नाही. मालकाची वही चुकायची तेव्हा मालक माझ्याकडे यायचा. आणि तू, जिच्या सगळ्या फ्रॉकची बटणं मी लावली, ती तू मला विचारतेस, दोन ओवतेस का?

शर्यतीचं म्हणशील, तर शेवटून हा शब्द मी गाळला. तुझ्या आत्याआजीला विचार, गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, त्या रोज गाळतात.

सदतीस बटणं. सदतीस म्हणजे सदतीस. काढून टाक अहवालातून. ती तिथे उभी आहे, तुझ्या अहवालाला विचारून उभी नाही.

मी तिच्याशी काहीही केलेलं नाही.

आजी

(वन्संनी आज मध्ये काहीही लिहिलेलं नाही, मी कान देऊन बसले होते. हेसुद्धा मीच सांगितलं आहे, कंसासकट. — आजी)

५ ऑगस्ट, वाचनालयातून

चि. भिंगरी,

ही चिठ्ठी मी घराबाहेर बसून लिहिते आहे. तुझ्या आजीचे कान फार तिखट आहेत.

तिची मोजणी खरी आहे. रोज एकच बटण. मी साक्षीदार आहे आणि तुला ठाऊक आहे, मी कोणाला फुकटचा एक गुणही दिलेला नाही.

पण "काही केलेलं नाही" हे मात्र साफ खोटं. फुलोरा उमलल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला त्या हिरव्या खिशांतून काहीतरी पिवळं बाहेर लोंबताना दिसलं. म्हणाली, "वन्सं, एवढा देखणा माल आणि दोरे तसेच ठेवलेत!" मी म्हटलं, वहिनी, हात लावायचा नाही म्हणून लिहिलंय. ती म्हणाली, "हात कुठे लावते? चिमटा लावते." कारखान्यातला तिचा जुना चिमटा काढला आणि एकेक पिवळं काहीतरी हलकेच ओढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन. तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, तुझी आजी त्या झाडाचे सुटे दोरे काढते. मग एक बटण ओवते.

तिला वाटतं, तुझा नियम मोडला हे कळलं तर तुझा प्रयोग रद्द होईल आणि काचघर तिच्यामुळे जाईल. म्हणून तिनं मला शपथ घातली, पत्रात लिहायचं नाही. मी पत्रात लिहिलेलं नाही. ही चिठ्ठी आहे.

तुझी आत्याआजी

८ ऑगस्ट

आजी! आजी! आजी!

टपालाची गाडी थांबवून ठेवली आहे, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

आधी माफी. कान धरून, काचघराच्या मधोमध उभी राहून. टोमॅटोवाला बघतोय, बघू दे.

आता ऐक. ते दोरे नव्हते. ते फूल होतं! तू जे गुलाबी गुलाबी म्हणून सगळ्या इमारतीला दाखवतेस ना, ती फक्त पानं आहेत, रंगीत पानं. हिरवे खिसेही पानंच. खरं फूल खिशाच्या आत असतं, नखाएवढं, पिवळं. एक दिवस जगतं आणि तिथेच, खिशात साचलेल्या पाण्यात, कुजतं. मग तो लगदा खिसा कुजवतो, खिसा शेजारच्या खिशाला. तीन वर्षं मी माती तपासली, पाणी तपासलं, खत तपासलं. खिसे साफ केले नाहीत! फुलाला कोण हात लावतं? आम्हाला शिकवतातच तसं की फुलाला हात लावायचा नाही. फुलाला सुटा दोरा समजायला तूच हवी होतीस.

आत्याआजीवर चिडू नकोस. ती चुगली नव्हती, तो शोध होता.

मी आज सकाळपासून चिमटा घेऊन बसले आहे. पण माझ्याकडच्या ताज्या फुलोऱ्यांना वीस तारखेपर्यंत जेमतेम बारा दिवस होतील. बारा दिवस कोणीही टिकतं. महिना ओलांडलेली सात नंबर जगात एकच आहे, तुझ्या खिडकीत. ती समितीसमोर उभी राहिली तरच काही होईल. आणि ती टपालानं पाठवता येणार नाही, कारण वाटेत तिचे दोरे कोण काढणार?

येशील?

भिंगरी

१२ ऑगस्ट

भिंगरे,

वन्संना तुझं पत्र वाचताना मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. एकदा हसून आणि एकदा भीतीनं, कारण चिठ्ठीचं बिंग त्यांना स्वतःच्याच तोंडानं वाचावं लागलं. "आत्याआजीवर चिडू नकोस" हे वाक्य त्यांनी फार मधुर आवाजात वाचलं.

म्हणजे त्रेचाळीस दिवस मी फुलं उपटून केरात टाकली आणि पानांची आरास लोकांना दाखवली! लिफ्टवाल्याला सांगितलं तर तो जिन्यावरच बसला. इस्त्रीवाला म्हणाला, "आजीबाई, म्हणजे आम्ही फूल बघितलंच नाही?" म्हटलं, नाही रे बाबा, ते केराच्या डब्यात होतं, तुझ्या कोपरापाशी.

आणि ती बया तरी काय वस्ताद! गुलाबी पानं लावून मिरवते, आणि खरं फूल खिशात लपवते. मला ती आधीच आवडायची, आता तर मैत्रीणच झाली. मीही इतके दिवस लपवलंच की.

वन्संवर मी चिडले होते. दोन दिवस बोलले नाही. मग लक्षात आलं की बोलले नाही तर पत्र कोण लिहिणार, आणि पत्र नाही तर तुला निरोप कसा जाणार. अक्षर न येणाऱ्या बाईला रुसणं परवडत नाही.

येते. एकोणीस तारखेच्या बसनं. बटणांचा दोरा (आज चव्वेचाळीस झाली), कुंडी आणि चिमटा घेऊन. तू बसथांब्यावर वेळेवर ये, आणि त्या टोमॅटोवाल्याला टेप घेऊन लांब उभा राहायला सांग.

(वहिनीनं मला माफ केलं आहे. तोंडी. लेखी देता येत नाही म्हणाली. — आत्याआजी)

तुझी आजी

२२ ऑगस्ट

वन्सं,

हस्ताक्षर बदललेलं बघून दचकू नका, मी धडधाकट आहे. आता भिंगरी लिहिते आहे. हिचं पेन हलकं चालतं, आणि ही मला मध्ये थांबवून "कर्ता कुठे आहे, वहिनी?" असं विचारत नाही.

(आजी, कर्ता खरंच नाहीये. — भिंगरी)

लागली ही पण! खानदानीच रोग आहे तुमचा.

बसमध्ये कुंडी मांडीवर होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "खाली ठेवा ना." म्हटलं, खाली तुम्ही बसा, हिला खिडकी लागते. पुढे घाट लागला तशा त्याच बाई तुऱ्याला हाताचा आडोसा धरून बसल्या होत्या, बिचाऱ्या.

आता वीस तारीख. समिती म्हणजे पाच माणसं, पाचही कोटात. काचघरात इतकं उकडतं आणि हे कोटात! टोमॅटोवाला दारात उभा, चेहऱ्यावर सभ्यपणा, खिशात टेप. त्या पाचांत भिंगरीचे साहेब, उंच, बारीक, हसायचं कधी शिकले नसावेत. माझी सात नंबर टेबलावर ठेवली. भोवती भिंगरीच्या बाकीच्या कुंड्या. पाचही जण तिच्यावर वाकले.

साहेबांनी विचारलं, "हे केव्हा उमललं?"

भिंगरी म्हणाली, "तीस जूनला. आज बावन्नावा दिवस."

"नोंद?"

मी बटणांचा दोरा टेबलावर ठेवला.

"ही काय नोंद झाली?"

"मोजा," मी म्हटलं.

त्यांनी मोजली. एक्कावन्न. मी म्हटलं, परत मोजा. मग दुसऱ्यानं मोजली, बावन्न. तिसऱ्यानं पन्नास! चौथी बाई होती, तिचीही बरोबर आली. पाच शिकलेल्या माणसांचा आकडा जुळायला पाव तास गेला, वन्सं. मी नुसती बघत होते. या वेळी खरंच.

मग भिंगरीनं खिसे, फूल, लगदा सगळं समजावून सांगितलं. छान बोलली हो. मला वाटलं, झालं. पण साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "शोध चांगला आहे. पण रोज सकाळी चिमटा घेऊन बसायला लोकांना वेळ कुठे आहे? शोभेचं झाड हवं असतं ते बघायला. काम कोणाला हवंय?"

भिंगरी अहवालाची पानं पुढे-मागे उलटायला लागली. टोमॅटोवाल्यानं सुस्कारा टाकला, तोही दुःखानं टाकला असं मी मानते.

आता तुम्हाला सांगते, त्या सकाळी मी सात नंबरचे दोरे काढलेच नव्हते. मुद्दाम. माल दाखवायला नेताना थोडं काम गिऱ्हाइकासमोर करायला ठेवावं, हे मी कारखान्यात शिकले. मी चिमटा पुढे केला आणि म्हटलं, "साहेब, जरा बघता का? त्या तिसऱ्या खिशात काही राहिलंय का? माझी नजर पोचत नाही."

(आजी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. — भिंगरी)

साहेब वाकले. चष्मा वर केला. म्हणाले, "हो, आहे." म्हटलं, काढा की. हलकेच. ओढायचं नाही, बोलवायचं. त्यांनी चिमटा घातला, जीभ दातांत धरली, आणि ते पिवळं इवलंसं फूल अखंड बाहेर आलं. वन्सं, त्या माणसाचा चेहरा! वर्गात पहिल्यांदा उत्तर बरोबर आलेल्या पोरासारखा. त्यांनी फूल तळहातावर ठेवलं, बघितलं, आणि कोणाला काही न सांगता चौथ्या खिशाकडे वळले.

ती समितीतली बाई म्हणाली, "मलाही द्या ना जरा." साहेब म्हणाले, "थांबा, हा माझा खिसा आहे."

मग काय! बाईनं केसांची पिन काढली आणि शेजारची कुंडी धरली. तिसऱ्यानं पेनच्या टोपणाची कडी वापरली, त्याला मी दटावलं, खिसा फाटेल म्हणून. आणखी एक जण नुसता हिंडून "इथे एक राहिलं, इथे एक राहिलं" म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढत होता, तुमची फार आठवण झाली. चहा आला, गार झाला, परत गेला. दारातून टोमॅटोवाला हळूहळू सरकत आत आला आणि मागच्या रांगेतल्या एका कुंडीपाशी पाठमोरा उभा राहिला. मी जाऊन बघितलं. बोटांनी काढत होता, चोरून, आणि अगदी सुरेख.

शेवटी साहेब सरळ झाले, कंबर धरली, घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता. भिंगरीकडे वळून म्हणाले, "लेबलवर काय लिहिणार?"

ही म्हणाली, "काळजी कशी घ्यायची ते. रोज सकाळी फुलं काढावीत."

साहेब म्हणाले, "'काळजी' नका लिहू. लोक घाबरतात. लिहा, 'रोज सकाळी एक गंमत.'" आणि तिथेच, उभ्या उभ्या, काचघर तीन वर्षांसाठी हिच्या नावावर लिहून दिलं. हसले नाहीत. पण कोटाच्या बाहीवर पिवळा पराग लागलेला होता, तो त्यांनी झटकला नाही.

टोमॅटोवाल्याला विहिरीकडची शेड मिळाली. त्यानं टेप भिंगरीला देऊन टाकली आणि दोन कुंड्या मागून नेल्या.

आज सकाळी आपल्या सात नंबरनं मान टाकली. चोपन्न बटणं. सावकाश टाकली, काही काळं नाही, वास नाही, दमून टेकावं तशी. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. पण तेवढ्यात साहेब आले, स्वतःचा चिमटा घेऊन! बायकोचा भुवया कोरायचा, घरून आणलेला. कुंडीपाशी थबकले, टोपी काढली. मी म्हटलं, साहेब, हिचं झालं, बाजूची आज उघडली आहे. गेले, जवळजवळ पळतच.

तर वन्सं, मी एवढ्यात येत नाही. सोमवारी दोनशे कुंड्या उमलणार आहेत आणि भिंगरीला दोनच हात. तुम्हीही या. गुण द्यायला, चुका काढायला इथे दोनशे विद्यार्थी आहेत आणि एकही उलटून बोलत नाही. बसमध्ये पुढची जागा धरा.

पत्र इथेच आटपते. सांगायचं अजून पुष्कळ आहे, पण काचेतून दिसतंय, साहेब त्यांची रांग संपवून माझ्या रांगेत शिरताहेत.

तुमची वहिनी
(आजी चिमटा घेऊन धावली. — भिंगरी)